गाठी कुणाच्या?

ब्लॉगला बरेच दिवस हात लागला नव्हता. पुण्याच्या मावशीनं परवा फोनवर विचारलंसुद्धा, "काय गं, लिहिणं सोडलंस की काय?" सोडलं नाही मावशी, पण तास, प्रॅक्टिकल, पेपर तपासणी यांतून लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. मागच्या पावसाळ्यात मात्र एक गोष्ट घडली आणि ती अजून डोक्यातून जात नाही. तीच आज सांगते. थोडी लांबेल, चहा घेऊन बसा.

ऑगस्टमधला एक रविवार. सकाळी आठच्या एसटीनं काका लातूरला आले. (ब्लॉगमित्रांसाठी: काका म्हणजे माझे सख्खे चुलते. औसा तालुक्यात आमची शेती आहे, ती तेच बघतात.) हातात दोन कॅरीबॅगा. मला वाटलं मुगाच्या शेंगा आणल्या. उघडून बघते तर मातीसकट उपटलेली सोयाबीनची झाडं! एका पिशवीतल्या झाडांना लाल दोरा बांधलेला, दुसरीतल्या झाडांना काहीच नाही.

"हे दोऱ्याचं, पाकीट लावलेलं. हे बिगर पाकिटाचं. आता तूच बघून सांग, माझे पैशे पाण्यात गेले का कसं?"

पाकीट म्हणजे कल्चर. शहरातल्या मंडळींसाठी सांगते. रायझोबियम नावाचे जिवाणू कडधान्यांच्या आणि सोयाबीनच्या मुळांवर गाठी करून राहतात. हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात, बदल्यात झाड त्यांना साखर पुरवतं. म्हणून पेरणीआधी बियाण्याला हे जिवाणू चोळायचे. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅमचं एक पाकीट, गुळाच्या पाण्यात कालवून, आणि मग बी सावलीत वाळवायचं. हल्ली बाटलीतलं पातळ कल्चरही मिळतं, पण काकांचा जीव पाकिटावरच. आपल्या देशात या मुळं-जिवाणूंच्या भागीदारीचा पहिला अभ्यास एन. व्ही. जोशी यांनी १९२० मध्ये केला, म्हणजे या विद्येला आपल्याकडे शंभर वर्षं होऊन गेली.

काकांनी काय केलं होतं, तर आठ ओळी मुद्दाम बिगर कल्चरच्या पेरल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना बघायचं होतं म्हणून. मी वर्गात 'कंट्रोल' हा शब्द दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी निम्मी मुलं प्रयोगाच्या वहीत कंट्रोल लिहायचा विसरतात. इथे सातवी शिकलेला माणूस स्वतःच्या रानात कंट्रोल पेरून आला होता!

मी बादलीत मुळं धुतली. दोन्हीकडे गाठी होत्या. ब्लेडनं कापून बघितल्या. दोन्हीकडच्या आतून गुलाबी. गुलाबी असणं चांगलं, म्हणजे गाठ कामाला लागलेली आहे. (तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चुलतभावाचा. पांढरी किंवा हिरवट निघाली तर समजायचं, बसून खातीय.) लाल दोऱ्याच्या झाडांवर गाठी जरा जास्त भरल्या, पण चार-चार झाडांवरून काही ठामपणे बोलायची सोय नसते.

"दोन्हीकडं हायत की," काका म्हणाले. "मग ह्या गाठी माझ्या पाकिटातल्या का रानातल्याच? कुणाच्या म्हणायच्या?"

मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. पंधराएक वर्षं शिकवतेय. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या त्या रानात वीसेक वर्षं सोयाबीन होतंय. सोयाबीन आपल्याकडे नवीन आलं तेव्हा त्याचे जिवाणू आपल्या काळ्या मातीत फारसे नव्हते, तुरीचे होते. पण दरसालच्या पाकिटांतून जे आले ते काही दरसाल मरून जात नाहीत. मातीत टिकतात, तिथल्या उन्हातान्हाला सरावतात. मग यंदाच्या पाकिटातले नवे जिवाणू आणि जुने मुरलेले, यांची मुळावर जागेसाठी मारामारी होते. त्यात घरचे बहुतेक वेळा जिंकतात. अमेरिकेच्या मध्यभागातल्या सोयाबीन पट्ट्यात हे चांगलं अभ्यासलं गेलंय. तिथे शेतकरी चांगला वाण लावतात आणि बहुतांश गाठी मातीतलेच जुने जिवाणू करून बसतात. म्हणजे काकांचा प्रश्न अडाणी नव्हता. अगदी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं त्यांनी.

आणि पाकीट या प्रश्नाचं उत्तर देत नाही. जैविक खतं २००६ साली खत नियंत्रण आदेशाखाली आली. भुकटीच्या पाकिटात दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत रायझोबियम हवेत असा दंडक आहे. अडीचशे ग्रॅमला १२५० कोटी. दहा किलो सोयाबीनमध्ये ऐंशी-नव्वद हजार दाणे धरले तर दाण्यागणिक लाखाच्या वर जिवाणू. ऐकायला मोठं वाटतं. पण ही मोजणी पाकिटातली. दुकानात पत्र्याखाली, मे महिन्याच्या उन्हात ते पाकीट किती दिवस पडलं होतं? काकांनी बुरशीनाशक आणि कल्चर एकाच बसणीत लावलं का? (लावलं होतं. विचारल्यावर खाली बघत कबूल केलं.) आणि पेरल्यानंतर त्या लाखांपैकी किती मुळापर्यंत पोचले? तिथे मोजणारं कुणी नाही.

का नाही, तर जिवाणू सगळे सारखे दिसतात. काकांना मी तसं सांगितलं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही काड्याच. प्लेटवर वाढवले तर दोन्हीकडे सारखेच पांढरट, चिकट ठिपके. "आपल्या कळपातली मेंढरं दुसऱ्याच्या कळपात मिसळली तर धनगर काय करतो?"

"गेरू लावलेला असतोय की."

तर जिवाणूंना गेरू लावायची एक रीत आहे. आज लिहायचं ते त्याबद्दलच.

हा गेरू सापडला समुद्रात. ओसामू शिमोमुरा नावाचे जपानी शास्त्रज्ञ. नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा हा सोळा वर्षांचा मुलगा जवळच्याच गावात होता. पुढे अमेरिकेत गेले आणि १९६१ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर, फ्रायडे हार्बरला, जवळजवळ दहा हजार जेलीफिश जाळ्यानं गोळा केले. ती जेलीफिश चमकते का, एवढंच कोडं. त्यातून १९६२ मध्ये जे निघालं त्यात एक हिरवं चमकणारं प्रथिनही होतं. तेच पुढे ग्रीन फ्लुरोसंट प्रोटीन, जीएफपी, म्हणून ओळखलं गेलं. २३८ अमिनो आम्लांची माळ, गुंडाळून पिंपासारखी झालेली, आणि त्या पिंपाच्या मधोमध तीन मणी आपापसात जुळून रंग तयार करतात. त्याला बाहेरून कुणाची मदत लागत नाही, फक्त प्राणवायू हवा. निळा किंवा जांभळ्यापलीकडचा उजेड टाकला की ते हिरवा परत देतं.

त्याचं जनुक डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये वेगळं काढलं. पुढच्या कामाला पैसे मिळेनात, तेव्हा त्यांनी ते जनुक मागणाऱ्यांना देऊन टाकलं. १९९४ मध्ये मार्टिन चॅल्फी यांनी ते साध्या ई. कोलाय जिवाणूत घातलं आणि जिवाणू हिरवे चमकले! जेलीफिशचं काहीएक लागलं नाही, नुसतं जनुक पुरलं. रॉजर त्सिएन यांनी त्यात बदल करून ते जास्त उजळ केलं, वेगवेगळे रंग काढले. शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन यांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा प्रॅशर अलाबामात एका मोटारींच्या दुकानाची गाडी चालवत होते, गिऱ्हाइकांना सोडायची-आणायची. चॅल्फी आणि त्सिएन यांनी त्यांना समारंभाला बोलावून घेतलं. या माणसाची गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही ऐकतात.

काकांना एवढं सगळं सांगितलं नाही. शेजारच्या किराणा दुकानातून नोटा तपासायचा निळा दिवा मागून आणला. स्वयंपाकघराची खिडकी लावली, वाटीत वसमतची हळद स्पिरिटमध्ये कालवली आणि दिवा धरला. हळद अशी पिवळी-हिरवी पेटली की काका दोन पावलं मागे सरले. "असा दिसतो गेरू," मी म्हटलं. "हा गेरू पाकिटातल्या जिवाणूला लावला, तर तुमची गाठ चमकेल आणि रानातली चमकणार नाही."

हे प्रत्यक्षात केलेलंही आहे. १९९६ मध्ये स्टॅनफर्डला शॅरन लाँग यांच्या प्रयोगशाळेत लसूणघासाच्या (हो, म्हशीला टाकतो तोच) रायझोबियमला जीएफपी लावून, ते मुळात शिरताना जिवंतपणी पाहिले. मुळावरचा केस काठीच्या मुठीसारखा वळतो, त्या वळणात जिवाणू अडकतात, आणि तिथून एका बारीक बोगद्यातून रांगेनं आत जातात. त्या हिरव्या रांगेचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वारीतल्या दिंडीची आठवण झाली होती.

पण गेरू लावणं वाटतं तितकं सोपं नाही. जनुक जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रात नीट बसवावं लागतं. वरच्या सुट्या रिंगणावर, प्लाझ्मिडवर, ठेवलं तर प्रतिजैविकाचा धाक नसताना जिवाणू ते ओझं टाकून देतात. मातीत टाकल्यावर थोड्याच पिढ्यांत गेरू धुऊन निघाला, असं होतं. शिवाय गाठीच्या पोटात प्राणवायू फार कमी, आणि जीएफपीला रंग धरायला तो लागतो, त्यामुळे आत चमक मंद पडू शकते. नुसत्या गाठी मोजायच्या तर दुसरा गेरू जास्त सोयीचा. रिचर्ड जेफरसन यांनी १९८७ मध्ये पुढे आणलेलं 'गस' जनुक. धुतलेली मुळं एका द्रावणात रात्रभर बुडवली की खुणेच्या गाठी निळ्या होतात. दिवाही नको. काकासुद्धा मोजू शकतील.

आणि चमकतं ते सगळं आपलं नसतं, हे मी नांदेडला शिकले. विष्णुपुरीला विद्यापीठात एम.एस्सी. करत होते. एका संध्याकाळी मातीच्या नमुन्याची प्लेट सहज यूव्ही दिव्याखाली धरली आणि ठिपके हिरवट-पिवळे चमकले. मी ओरडलेच! पोरी धावत आल्या. सर आले, शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "स्यूडोमोनास आहे. जन्मतःच चमकतो. तुमचं त्यात काही कर्तृत्व नाही." वर्षभर माझं नाव स्यूडोमोनास होतं. त्यामुळे मुळाच्या स्वतःच्या चमकेपासून खुणेची चमक वेगळी काढायची तर बिनखुणेचं झाड शेजारी हवंच. म्हणजे परत काकांच्या आठ ओळी.

आता माझं मत. दोन गोष्टी मला खुपतात.

माझा भाचा इथे ट्युशन एरियात नीटची तयारी करतोय. काका आले त्या दिवशी तोही घरी होता. मी विचारलं, "मार्कर म्हणजे काय रे?" पोरानं डोळे मिटून सांगितलं. पीबीआर ३२२, अँपिसिलिन, टेट्रासायक्लिन, निळी वसाहत आली तर जनुक मध्ये बसलं नाही, पांढरी आली तर बसलं. एकही शब्द चुकला नाही. मग विचारलं, "निळी वसाहत कधी पाहिलीस?" म्हणाला, "आत्या, ते कुठं बघायला मिळतं?" खरंच आहे. लातूर पॅटर्नची टिंगल करायची मला हौस नाही. त्या पॅटर्ननं खेड्यातली किती पोरं डॉक्टर झाली, त्यात आमच्याही घरातली दोन आहेत. राजर्षी शाहू महाविद्यालयात तो घडवणारे जनार्दन वाघमारे सरच १९९४ मध्ये नांदेडच्या नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, हे आपल्या भागाचं भाग्यच. पण उत्तर पाठ असणारा पोरगा आणि प्रश्न पडलेला म्हातारा एकाच स्वयंपाकघरात बसले होते, आणि पोराला कळलंच नाही की आजोबा त्याच्याच धड्यातलं विचारतायत.

तो धडा हातानं करता येतो. बर्फात ठेवलेले निरुपद्रवी ई. कोलाय, कॅल्शियम क्लोराइड, ४२ अंशांवर पन्नास सेकंद धक्का, परत बर्फ. दुसऱ्या दिवशी प्लेटवर हिरवे ठिपके. त्यात एक गंमतही असते, अरॅबिनोज नावाची साखर घातलेल्या प्लेटवरच ते चमकतात, साखर नसेल तर तेच जिवाणू गपगुमान पांढरे. जनुक असणं आणि जनुक चालू असणं यातला फरक एका नजरेत कळतो. तयार संच महाग येतो, मान्य. पण नांदेडला विद्यापीठ आहे, लातूरला कृषी जैवतंत्रज्ञानाचं महाविद्यालय आहे. दोन जिल्ह्यांतल्या कॉलेजांनी मिळून वर्षातून चार दिवस एका ठिकाणी हे केलं तर काय बिघडेल? आपल्या पोरांनी आयुष्यात एक तरी चमकणारी प्लेट स्वतः करावी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आमच्या भागासाठी शिफारस केलेला जिवाणूंचा वाण आमच्याच काळ्या मातीत, आमच्या उन्हात, जुन्या मुरलेल्या जिवाणूंपुढे किती टिकतो, हे खूण लावून कुंडीत तपासावं आणि तो आकडा पाकिटावर छापावा. "दर ग्रॅमला ५ कोटी" याच्या खाली "लातूरच्या मातीत शंभरातल्या इतक्या गाठी" असं. शेतकरी पाकीट विकत घेतो ते जिवाणू मोजायला नाही, गाठींसाठी घेतो.

माझी मैत्रीण (ती हे वाचणार आणि फोन करणार) म्हणेल, त्यासाठी खूण कशाला? गाठ ठेचून डीएनए काढ, पीसीआर कर, वाण ओळखू येतो. बरोबर आहे तिचं. शेतातल्या गाठींसाठी तेच करावं लागेल, कारण खुणेचे जिवाणू शेतात सोडता येत नाहीत. पण पीसीआर मेल्यानंतरचा पंचनामा आहे. कोण कधी शिरला, कुठे अडला, बुरशीनाशकानं कुठे मेला, हे जिवंतपणी बघायचं तर खूणच हवी.

काकांनीही मला इथेच अडवलं. "मग रंगाचेच पाकिटात घालून द्या की. आमचं आम्ही बघून घेतो."

नाही म्हणाले मी. आणि का नाही ते नीट सांगितलं, कारण 'जीएम' म्हटलं की आपल्याकडे एक तर भीती नाहीतर भक्ती. २००२ मध्ये बीटी कापूस आला, २०१० मध्ये बीटी वांग्यावर स्थगिती आली, तेव्हापासून घराघरात हेच दोन पक्ष. खुणेच्या जनुकासोबत पुष्कळदा प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुकही असतं. ते मातीतल्या इतर जिवाणूंकडे जाणं बरं नाही. मेंढरू हरवलं तर शोधून आणता येतं, जिवाणू रानात गेला की परत बोलावता येत नाही. म्हणून पर्यावरण कायद्याखाली १९८९ चे नियम आहेत, परवानगीशिवाय असले जिवाणू प्रयोगशाळेबाहेर नेता येत नाहीत. प्लेटसुद्धा ऑटोक्लेव्हमध्ये मारून मगच टाकायची. मला हे नियम पटतात. गेरूची मेंढरं गोठ्यातच ठेवायची, काय शिकायचं ते तिथेच शिकायचं, आणि रानात साधी सोडायची.

काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे रंगाचा न्हाई, पण बघितल्याला देणार."

एवढ्या कमी शब्दांत मला कधी सांगता आलं नसतं.

त्या दिवशी त्यांना मी काय उत्तर दिलं? खरं तेच. पैसे पाण्यात गेले की नाही हे या झाडांवरून मला सांगता येत नाही. पुढच्या साली पाकीट दुकानात आल्या आल्या घ्या, घरात गार जागी ठेवा, बुरशीनाशक आधी आणि कल्चर पेरणीच्या तोंडाशी लावा. आणि बिगर कल्चरच्या ओळी एका कडेला नको, रानात चार ठिकाणी विखरून ठेवा, म्हणजे काढणीला वजन करून काहीतरी बोलता येईल.

"चार ठिकाणी? आन् उतार कमी आला तर तू भरून देणार का?"

"दोन ठिकाणी तरी ठेवा."

"तीन," काका म्हणाले, आणि पिशव्या उचलून झाडं खाली दुधवाल्याच्या म्हशीला टाकायला घेऊन गेले. लाल दोरे तेवढे सोडून खिशात घातले.